विमानावरचे तीन झेंडे

सकाळची ड्यूटी आटपून कुंदा घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून मुलुंडला घरी पोचली, आणि चपला काढता काढताच तिला विमानावरचे झेंडे दिसले. एक नाही, दोन नाही, चांगले तीन.

विमान खिडकीखालच्या टेबलावर होतं, रोजच्या जागी, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरलेली. काल संध्याकाळी तिने पंखांना शेवटचा हात दिला होता आणि सासऱ्यांना म्हणाली होती, अण्णा, आता फक्त शेपटीवरचा नंबर राहिला, तो मी उद्या ड्यूटीवरून आले की काढते. नंबर अजून राहिलेलाच होता. पण वैमानिक बसतो त्या काचेखाली, डाव्या अंगाला, ओळीने तीन झेंडे उमटले होते. नखाएवढे, हिरवे-पांढरे, अगदी रेखीव. शत्रूचे झेंडे. एक झेंडा म्हणजे पाडलेलं एक विमान. हे कुंदाला कुणी समजावून सांगायला नको होतं, फायटर पायलटची बायको होती ती.

आणि तिच्या नवऱ्याने, विद्याधरने, एकही विमान पाडलेलं नव्हतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुणी काढले हे?" तिने विचारलं.

दिवाणावर आडवा झालेला तिचा दीर शरच्चंद्र उठून बसला. तो पार्ल्याहून सकाळीच आला होता. नणंद क्षमा बोरिवलीहून आली होती, ती आईंच्या शेजारी जमिनीवर बसून डाळिंब्या सोलत होती. अण्णा त्यांच्या वेताच्या खुर्चीत होते. कुंदाचा आवाज ऐकून सगळ्यांनी माना वर केल्या, अण्णांनी तेवढी केली नाही. 

शरदला मात्र काही वावगं झालंय असं वाटतच नव्हतं. तो खुशीत सांगायला लागला. स्टेशनजवळ बोर्ड रंगवणारा सहदेव आहे ना, त्याला दुपारी धरून आणला. काय हात आहे वहिनी त्याचा, मशीनने छापावं तसं काढलंन अर्ध्या तासात. आणि हुतात्म्याचं काम म्हटल्यावर साधा चहासुद्धा घेतला नाही. आता कसं विमान उठून दिसतंय बघा. नाहीतर नुसता हिरवा आणि मातकट रंग, लांबून बघणाऱ्याला काय कळणार कोण कुठला पायलट ते.

कुंदा टेबलाजवळ गेली. रंग ओला होता. टर्पेंटाइनचा वास खोलीभर भरलेला. बाटली तिचीच, ब्रशही तिचाच वापरलेला, आणि वापरून तसाच वर्तमानपत्रावर टाकून दिलेला. त्या ब्रशचीही तिला चीड आली. एवढी कारागिरी अंगात आहे तर ब्रश धुवायला काय हात मोडले होते?

गेले अडीच महिने हे विमान म्हणजे कुंदाचा आणि अण्णांचा संसार झाला होता. मंगळवारी सोळा डिसेंबर. लढाईला पंधरा वर्षं पुरी होणार, आणि विद्याधरच्या जुन्या शाळेने हॉलमध्ये एक काचेचं कपाट द्यायचं कबूल केलं होतं. कपाटात त्याचं विमान, खाली पितळी पाटी, समारंभ, भाषणं. हे सगळं शरदने जमवून आणलेलं. माजी विद्यार्थ्यांच्या मंडळात त्याचं वजन होतं. नवरात्रात त्याने ही बातमी आणली तेव्हा कुंदाला खरंच बरं वाटलं होतं, उगाच कशाला खोटं बोला. अण्णा तर दुसऱ्या दिवशी पहाटेच शिवणीच्या लाकडाचा ठोकळा घेऊन बसले.

अण्णा रेल्वेच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतायच्या साच्यांसाठी आधी लाकडाची प्रतिकृती करायची, तीच त्यांची आयुष्यभराची नोकरी. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी रंधा, पटाश्या, कानशी तेलपाणी करून ठेवलेल्या. नकाशावरून त्यांनी विमानाचा सांगाडा असा कोरला की बघत राहावं. पण पंख काही बसेनात. कुंदाने पंख कोरले होते शाळेतल्या साध्या पट्टीने मापून, आणि खाचेत ते थोडेसे खुळखुळायचे. आठवडाभर सासरा-सुनेची जुंपली होती. ती म्हणे तुमची खाच मोठी, ते म्हणे चाळीस वर्षांत माझी खाच मोठी झालेली नाही. शेवटी सापडलं. अण्णा आपल्या कारखान्यातल्या पट्टीने मापत होते, आणि ती पट्टी मुळातच अंमळ लांब असते. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा तेवढा मोठा करायचा, त्यासाठी केलेली पट्टी. सवयीने अण्णांनी लाकडाच्या विमानालाही आकसायला जागा ठेवली होती. त्या दिवशी दोघं डोळ्यांत पाणी येईतो हसली. एवढ्या वर्षांत विद्याधरचं नाव काढून ह्या घरात कुणी हसलं नव्हतं. अण्णांनी सांगाडा पुन्हा पहिल्यापासून कोरला.

पंख तेवढे सोडले तर लाकूड अण्णांचं, रंग कुंदाचा, असं न बोलता ठरलेलं होतं. कारण ते विमान जवळून पाहिलेलं माणूस घरात एकच होतं. पंजाबातल्या त्या तळावर लढाईच्या आधी एकदा बायकांना आत नेलं होतं, आणि विद्याधरने तिला पंखाशी उभं करून म्हटलं होतं, लाव हात, चावत नाही. वर घाईघाईने फासलेला हिरवा आणि तपकिरी रंग तिला आठवत होता, ब्रशचे केस त्यात अडकलेले, कडा एकमेकींवर चढलेल्या. शरदला विमान चंदेरी, चकचकीत हवं होतं. तिने ऐकलं नाही. भेगांत लांबी भरून, पॉलिश पेपरने घासून, अस्तर देऊन तिने ते लाकूड गुळगुळीत केलं आणि मग तो ओबडधोबड लढाईचा रंग मुद्दाम तसाच ओबडधोबड दिला. चार संध्याकाळी बश्यांमध्ये रंग कालवण्यात गेल्या होत्या, तेव्हा कुठे तो मातकट रंग तिच्या मनासारखा उतरला.

आणि त्यावर हे झेंडे.

"भाऊजी, ह्यांनी किती विमानं पाडली होती?" तिने विचारलं.

शरदने हात झटकला. तो मुद्दा नाही वहिनी, असं काहीतरी म्हणाला. लढाईत होता की नाही? रोज जिवावर उदार होऊन उडत होता की नाही? मग तीन काय आणि पाच काय, तिथे कोण मोजायला बसलंय.

क्षमानेही मान डोलावली. ती स्वभावाने वाईट नव्हती, पण भावाचं वाक्य खाली पडू द्यायचं नाही ही तिची लहानपणापासूनची खोड. म्हणाली, जाऊ दे ना वहिनी, शोभेला आहे ते. मुलांना दाखवायचं आहे. त्यांना स्फूर्ती नको?

"शोभेला," कुंदा म्हणाली. "त्या तीन विमानांत माणसं बसलेली असणार ना गं? त्यांच्या घरी बायका असणार. जगात नसलेल्या तीन बायका विधवा केल्यात तुम्ही, माझ्या नवऱ्याला शोभा यावी म्हणून. मला विचारायचं तरी, विधवा होणं किती शोभेचं असतं ते."

क्षमाच्या हातातली डाळिंबी हातातच राहिली. आई खाली मान घालून सोलत होत्या, त्यांचा वेग तेवढा मंदावला.

तेव्हा शरदने आवाज खाली आणला, समजूत घालायच्या पट्टीत. तिला तो आवाज ठाऊक होता. त्याच आवाजात त्याने तिला मागे एकदा सांगितलं होतं की तुम्ही माहेरी गेलात तर आई खचेल, आणि त्याच आवाजात वर्षभराने, की दुसऱ्या लग्नाचा विचार करायला आमची काही हरकत नाही. आता म्हणाला, "वहिनी, नीट ऐका. शाळेने कपाट कुणाला दिलंय? लढाईत पडला त्याला. अपघातात गेलेल्याला कुणी कपाट देत नाही."

"अपघातात गेलेला माणूस काय कमी जातो, भाऊजी?"

 उत्तर म्हणून शरदने पिशवीतून निमंत्रणपत्रिका काढली आणि तिच्या हातात दिली. छापून आल्या होत्या म्हणे कालच. हातात येईपर्यंत कुंदाला ह्या पत्रिकेचा पत्ताही नव्हता.

गुळगुळीत कागद, वर तिरंगी पट्टी. तीन शत्रूविमानं पाडून दिनांक सोळा डिसेंबर एकोणीसशे एकाहत्तर रोजी वीरमरण पत्करणारे. पंधरावी पुण्यतिथी. खाली निमंत्रक म्हणून शरच्चंद्रचं नाव, आणि विशेष उपस्थिती म्हणून वीरमाता रुक्मिणीबाई आणि वीरपत्नी कुंदा. तिने ती दोनदा वाचली. म्हणजे तिने स्टेजवर बसायचं, टाळ्या घ्यायच्या, आणि आपला नवरा भलत्याच दिवशी मेला ह्याला मान डोलवायची.

विद्याधर सोळा डिसेंबरला मेला नव्हता. लढाई त्या दिवशी थांबली आणि तो धडधडीत जिवंत होता. तो गेला फेब्रुवारीत, माघ वद्य पंचमीला, सकाळी एका साध्या चाचणीच्या उड्डाणात. विमान वर चढलं आणि धावपट्टीच्या पलीकडच्या शेतात कोसळलं. लढाई नव्हती, शत्रू नव्हता, काही नव्हतं. कुंदा क्वार्टरमध्ये चहा गाळत होती.

पुढच्या वर्षांत काय झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. भजनी मंडळात कुणा बाईने आईंना विचारलं, लढाईतच गेला ना हो मुलगा, आणि आई हो म्हणाल्या. लेक गमावलेल्या आईला त्या एका होकारावरून कोण टोकणार? कुंदाने नाही टोकलं. मग तो होकार सोसायटीत फिरला, शाळेत पोचला, शरदच्या भाषणात शिरला, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा वाढत गेला. आता तो तारखेसकट छापून आला होता. गप्प बसलं की असं होतं. आपण आपले शहाण्यासारखे गप्प, आणि बाकीचे बोलत सुटतात.

"भाऊजी," ती म्हणाली, "दर वर्षी माघ वद्य पंचमीला पाटावर कोण बसतं? तुम्हीच ना? सोवळं नेसून, दर्भ घेऊन? मी खीर करते, तुम्ही पिंड ठेवता, कावळ्याची वाट बघत गच्चीवर ताटकळत उभे राहता. मग डिसेंबरात गेलेल्या माणसाला तुम्ही माघात जेवायला घालता का?"

"ते घरातलं झालं, वहिनी. हे बाहेरचं आहे."

हे तो अगदी सहज म्हणाला. बाहेर एक मरण, घरात दुसरं, जशी येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी कपबशी वेगळी आणि रोजची वेगळी. कुंदाला हसू येईल की रडू कोसळेल तिलाच कळेना. तिने दुसरीकडे बघायचं म्हणून भिंतीकडे पाहिलं, आणि भिंतीवर नुसता खिळा होता.

"फोटो कुठाय?"

क्षमा परत डाळिंब्यांवर वाकली.

"क्षमा, इथला माझा फोटो कुठाय?"

क्षमाने भावाकडे पाहिलं, मग कपाटावर बघितलं. उद्या सकाळी वर्तमानपत्रवाले यायचेत घरी, ती चाचरत म्हणाली, विमान घेऊन अण्णांचा आणि आईचा फोटो काढायला. आणि त्या फोटोखाली स्टुडिओवाल्याने साल घातलंय ना. कुणी वाचलंच तर उगाच प्रश्न नकोत. दोन दिवसांचा तर सवाल आहे, बुधवारी परत लावू. मी ह्याला म्हटलं होतं, वहिनीला विचार म्हणून.

कुंदा स्टुलावर चढली. कपाटावर, जुन्या ट्रंकेमागे, तोंड भिंतीकडे करून फोटो ठेवला होता. तिने तो पदराने पुसत खाली आणला. मकर संक्रांत, १९७२. लग्नानंतरची पहिली संक्रांत. ती काळ्या चंद्रकळेत, अंगावर हलव्याचे दागिने, गळ्यात हार, केसांत वेणी, सगळं हलव्याचं. शेजारी विद्याधर, सुटीवर आलेला, त्याच्याही गळ्यात हलव्याचा हार. आईंनी शेगडीपुढे बसून, बोटं भाजून घेत तो हलवा केला होता, आणि हा पठ्ठ्या स्टुडिओत उभा राहून हारातला हलवा खात होता. फोटोत हार एका बाजूला बोडका दिसत होता. फोटोग्राफर ओरडला होता, साहेब, फोटो होऊ द्या, मग खा.

कुणी बघतंय का ह्याची तिने पर्वा केली नाही, फोटो छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. तिला राग आला होता, आणि तो झेंड्यांपेक्षा, पत्रिकेपेक्षा कितीतरी मोठा होता. वैशाखात लग्न झालं. त्यानंतरचे महिने नुसते वाट बघण्यात गेले, कधी तो बाहेर, कधी ब्लॅकआउट, कधी सायरन, लढाईचे चौदा दिवस तर तिने श्वास कोंडूनच काढले. आणि मग लढाई संपली. तो आला, दोन दिवस नुसता झोपला, उठून म्हणाला, भूक लागलीय. त्या डिसेंबरपासून त्या माघापर्यंत ती पहिल्यांदा आणि शेवटची निर्धास्त होती. जेवढा काय संसार तिच्या वाट्याला आला तो तेवढाच. त्याला पोळ्या लाटायची हौस आली होती, त्याच्या पोळ्या बघून शेजारीण हसून लोळायची. मुंबईला आठ दिवस आले तेव्हा तो तिला मुलुंडच्या डोंगरावर घेऊन गेला आणि वरून बोट दाखवून म्हणाला, तिथे घर बांधू. तिथे आता इमारती झाल्या होत्या. ह्या दोन महिन्यांवर ती पंधरा वर्षं जगली होती. आणि ह्यांनी ते पत्रिकेच्या एका ओळीने पुसून टाकले, फोटोसकट कपाटावर टाकले.

"शरद," ती म्हणाली. आजवर तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "तुला झेंडे पाहिजेत ना, तुझ्या दारावर काढ. मिरव. पण माझा नवरा लढाईनंतर माझ्याजवळ होता. ते दिवस माझे आहेत. तुझ्या भाषणासाठी मी ते देणार नाही. तू कोण रे, माझ्या माणसाला दोन महिने आधी मारणारा?"

 शरद उठून उभा राहिला, त्याचाही आवाज चढला. मी कुणासाठी मरमर मरतोय, तो म्हणाला, माझ्यासाठी? मंडळाच्या मीटिंगा, हेडमास्तरांचे उंबरे, सुताराकडे खेपा, सगळं एकट्याने केलं. नुसतं खरं सांगत बसलो असतो तर त्या शाळेत दादाचं नावही कुणी घेतलं नसतं. अण्णा, तुम्ही बोला. सहदेव आला तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात ना? तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

अण्णांनी इतका वेळ गुडघ्यावरचे हात बघितले होते. आता त्यांनी मान वर केली, पण शरदकडे नाही, विमानाकडे.

"बसलो होतो," ते म्हणाले. "कारखान्यात दुसऱ्याच्या कामावर कुणी हत्यार टेकवलं असतं तर मी त्याचं मनगट धरलं असतं. लाकूड माझं आहे. रंग तिचा. तिला विचारल्याशिवाय ब्रश लागायला नको होता." जरा थांबून म्हणाले, "आणि पोरगा माझा. त्याने जे केलं नाही ते त्याच्या अंगावर नको."

क्षमाने डोळ्यांना पदर लावला. ती उठून कुंदाच्या बाजूला जाऊन उभी राहिली, फोटोच्या चौकटीवरची धूळ बोटाने काढत राहिली. शरदने ते पाहिलं. बहीण गेली, बाप गेला. मग त्याने हुकमी पान टाकलं.

"आई, तू सांग. तूच सांगतेस ना सगळ्यांना, लढाईत गेला म्हणून? मी काय वेगळं छापलं?"

कुंदाला वाटलं, आता संपलंच. आई म्हणजे तो पहिला होकार. आई म्हणजे वीरमाता. हळदीकुंकवाला गेल्या की बायका त्यांना आधी बसायला देत, त्या मानावर त्यांनी कितीतरी काळ काढला होता. त्यांनी शरदची बाजू घेतली असती तर कुंदाकडे पुढे बोलायला काही उरलं नसतं. म्हाताऱ्या आईशी किती भांडणार?

आईंनी डाळिंब्यांचं ताट बाजूला सारलं. हात पदराला पुसले. चष्मा आत होता, म्हणून क्षमाला म्हणाल्या, ती पत्रिका वाच बघू. काय छापलंय ते मला कुणी वाचून दाखवलेलंच नाही.

क्षमाने वाचली. सोळा डिसेंबर म्हणताना ती अडखळली.

"परत वाच तारीख," आई म्हणाल्या.

तिने परत वाचली.

"सोळा म्हणजे लढाई थांबली तोच ना दिवस? रेडिओवर सांगितलं तो?"

शरद म्हणाला, हो, म्हणून तर तो दिवस धरला. विजयाचा दिवस, सगळ्या देशाला माहीत.

 आई हळू, एकेक शब्द सुटा करत बोलायला लागल्या, भजनात ओवी उचलताना काढत तसा खालचा सूर होता. "रेडिओवर ऐकलं आणि मी अशीच उठले. पायात वहाणासुद्धा घातल्या नाहीत. बाजारातून पेढे आणले. तेव्हा आपण खालच्या मजल्यावर होतो. चारही मजले फिरले मी, दारोदार, एक दार नाही सोडलं. ज्यांच्याशी बोलत नव्हते त्यांच्याही हातावर पेढा ठेवला. माझा विदू सुटला म्हणून."

त्यांनी शरदकडे पाहिलं.

"बायकांनी विचारलं, मी हो म्हटलं. म्हटलं खरं. पण तारीख मी कुणाला कधी सांगितली नाही रे. ज्या दिवशी पेढे वाटले त्याच दिवशी त्याच्या फोटोला हार घालायला मला स्टेजवर बसवणार तू? हात कसे उचलतील माझे?"

 शरद मटकन दिवाणावर बसला. कुंदाने फोटो खिळ्याला लावला, सरळ केला. मग ती टेबलापाशी आली. जुन्या मलमलीचा तुकडा टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पिळला आणि पहिल्या झेंड्यावर ठेवला. रंग ओला होता, पुसल्याबरोबर निघाला. दुसराही निघाला. तिसरा सुकत आला होता, तो जोर लावून घासावा लागला, आणि त्याच्याबरोबर तिचा मातकट रंग निघाला, अस्तर निघालं, खालचं पांढुरकं लाकूड उघडं पडलं. अण्णा खुर्चीतून म्हणाले, राहू दे, पॉलिश पेपर मार आणि परत अस्तर दे, अजून एक दिवस आहे. ती बरं म्हणाली. शिवणीच्या लाकडाचा तो तुकडा नखाएवढाच होता. बशीत थोडा हिरवा कालवायला लागणार होता, थोडा तपकिरी.

पाठीमागे शरद रडत होता. आवाज होऊ न देता, बाप्या माणसं रडतात तसा, तळहातांनी डोळे दाबून. त्यालाही दादा हवाच होता, तिच्याइतकाच नसेल, पण हवा होता. कुंदाला त्याची दया आली आणि तरीही राग कमी झाला नाही. दोन्ही तिच्या मनात बरोबर होते, त्याला ती काय करणार.

"शाळेने कपाट नाही दिलं तर?" तो म्हणाला. "पत्रिका गेल्यात वहिनी, दीडशे घरी गेल्यात. मंगळवारी माइकसमोर उभा राहून मी लोकांना सांगू तरी काय?"

कुंदाने फडका खाली ठेवला.

"सांगा, लढाई संपली," ती म्हणाली, "आणि हे घरी आले होते."